आबा ओवरसेरांची गच्ची

आबा तेंडोलकर कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघत. माणसं नंतर. उंबऱ्यापाशी चपला काढायच्या, सोला हॅट काखेत धरायची, मान मागे टाकायची आणि आढ्यापासून भिंतीपर्यंत नजर फिरवायची. तेवढं झालं की मग "काय गो, बरी आसस?" लग्नघर असो, बारसं असो, त्यात फरक नाही. एकदा ओळखीतले एक म्हातारे गृहस्थ वारले, तेव्हा आबा समाचाराला गेले. दोन मिनिटं वर बघत उभे राहिले आणि डोळे पुसत बसलेल्या थोरल्या मुलाला म्हणाले, "दुसऱ्या वाशाखाली कौल सरकलां आसा. दिवसकार्य झाल्यार बघ." त्या मुलाने पुढे मला सांगितलं, की त्या दिवसांत लोक पुष्कळ काही बोलून गेले, लक्षात राहिलं ते एवढंच. आणि कौल खरंच सरकलेलं होतं.

आबा सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. रत्नागिरी, बेळगाव, कारवार असं फिरून निवृत्त झाल्यावर वेंगुर्ल्याला येऊन राहिले. गावच्या तोंडी त्या हुद्द्याचं 'ओवरसेर' झालं आणि तेच त्यांचं आडनाव होऊन बसलं. ठेंगणे, सडसडीत, खाकी अर्धी विजार आणि इस्त्रीचा पांढरा सदरा. निवृत्तीनंतरही ती सोला हॅट सुटली नाही. घरात, बाजारात ते मालवणी बोलत. पण कामाचा विषय निघाला आणि समोर समितीतली मंडळी असली, की एकदम कचेरीतलं मराठी सुरू होई. 'वॉटरप्रूफ' हा शब्द त्यांना खपत नसे. "छत्री दुकानात असता वॉटरप्रूफ," म्हणायचे. "भायर काढलास की मग कळता."

मी वालावलची. मुंबईला नर्सिंगचं आणि सुइणीचं शिक्षण घेऊन वेंगुर्ल्याला प्रसूतिगृहात नोकरीला लागले ती पन्नास सालानंतरची गोष्ट. गावातल्या काही मंडळींनी समिती करून चार खाटांचं ते प्रसूतिगृह काढलं होतं, आधी एका जुन्या कौलारू घरात. मग मुंबईत व्यापार करणाऱ्या एका शेठांनी शेजारच्या जागेत नवी इमारत बांधून द्यायचं कबूल केलं. मूळचे इथलेच, वय झालेलं, आईच्या नावाने काहीतरी उभारायची इच्छा. अट एकच: इमारत नव्या पद्धतीची हवी, वर स्लॅब हवा.

मला तर ते फारच पटलं. बाळंतिणींच्या चादरी, पोरांची दुपटी, लंगोट, सगळं उकळून झालं की वाळत कुठे घालायचं हा माझा रोजचा प्रश्न होता. अंगणात दोरी बांधली की गुरं येत, कोंबड्या येत, रस्त्याची लाल धूळ येई. वर गच्ची झाली तर ऊनच ऊन. समितीच्या सभेत मीच उठून सांगितलं, "गच्ची असूदे."

आमच्याकडे तोवर घर म्हणजे कौलारू. पाऊस वरून पडला की उतारावरून पळून गेला पाहिजे, एवढंच लोकांना ठाऊक. त्या सपाट स्लॅबवर बाहेरगावच्या कंत्राटदाराने सिमेंटचा थर दिला, त्यात कसलीशी पावडर मिसळली आणि आत थेंब येणार नाही असं लिहून दिलं. मिरगाचा पाऊस लागल्यावर चौथ्या दिवशी थेंब आला. दहाव्या दिवशी धार लागली.

त्या वेळी मठ गावाकडची एक पहिलटकरीण आत होती. तिची सासू शेतातल्या तरव्याच्या, भाताच्या रोपांच्या, कामातून सरळ आली, पाठीवर पानांचं इरलं तसंच. नातू बघायला वाकली आणि पोराच्या दुपट्यावर टपकन पाणी पडलं. तिने वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. पाठीवरचं इरलं काढलं आणि खाटेवर पोराच्या डोक्यावर आडवं ठेवलं.

"नर्सबाई," ती म्हणाली, "आमच्या गोठ्यात वासरू पण असां भिजणा नाय."

नव्या दवाखान्यात आतल्या आत इरलं लागतं, ही गोष्ट बाजारात पोचायला संध्याकाळ लागली नाही. खाटा रिकाम्या पडू लागल्या. गळक्या दवाखान्यात कशाला, म्हणून घरीच राहिलेली एक बाई आषाढात, कळा सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी, डोलीतून आणली. ती वाचली. मूल वाचलं नाही. 'गच्ची असूदे' हे माझे शब्द त्यानंतर मला कितीतरी दिवस ऐकू येत होते.

समितीचे अध्यक्ष गावातले एक नामांकित वकील होते. त्यांनी आबांना गळ घातली. दुसऱ्या दिवशी भर पावसात आबा आले. वर बघितलं, आणि मला म्हणाले, "बाय, कोळसो आसा?"

मला वाटलं शेगडीसाठी. ते आतच शिडी लावून वर चढले आणि छताला जिथे जिथे ओल होती तिच्या कडेने कोळशाने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी आले, ओल पसरली होती, नवी रेघ ओढली. असे अकरा दिवस. माझं पांढरंशुभ्र छत असं दिसू लागलं की बाळंतिणी उताण्या पडून त्यात बैल, होड्या, सासूबाई शोधत बसायच्या. बाराव्या दिवशी त्यांनी भाताच्या गिरणीतून टोपलीभर तूस आणला, छत्री घेऊन गच्चीवर गेले आणि साचलेल्या पाण्यावर तो पसरला. तूस तरंगत कुठे जातो, कुठे गोल फिरतो, कुठे अडकून बसतो, हे ते दोन तास उभ्याने बघत होते. मी छत्री धरून मागे.

"लोक गच्ची बघून ठरयतत पाणी खंयसून येता," ते म्हणाले. "पाणी बघून ठरवक होया."

उतार चुकलेला होता. पाणी पन्हळीकडे न जाता मधोमध साचत होतं. आणि वरचा थर उन्हाने तडकलेला होता. खाली स्लॅब चांगला होता. म्हणजे वरचं सगळं खरवडून नवीन काहीतरी घालायचं. पण काय? यावर आबांनी जे उत्तर दिलं त्याने समितीचं डोकं फिरलं. ते म्हणाले, "सांगतो. एक वर्ष द्या."

तेवढ्यापुरता त्यांनी माडाच्या झापांचा माटव स्लॅबवर घालून दिला. मॉडर्न इमारतीच्या डोक्यावर झावळ्यांचं छप्पर! शेठांना कळवू नका, असं वकिलांनी सगळ्यांना बजावलं. पण आत कोरडं झालं, आणि हळूहळू बायका परत येऊ लागल्या.

पाऊस सरल्यावर आबांनी आपल्या घरामागच्या पडवीची कौलं उतरवली आणि तिथे स्लॅब टाकून घेतला. त्यांची बायको, माई, मोठी खटकेबाज. "लोक म्हातारपणात देवळां बांधतत," ती मला म्हणाली. "ह्यांनी माझी पडवी मोडली."

त्या स्लॅबचे आबांनी चार चौकोन केले. एकावर सिमेंट आणि ती पावडर. या वेळी उतार आणि गिलावा नीट करून, कारण आधीच्या कंत्राटदाराच्या हाताचा दोष मालाच्या माथी मारायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्यावर डांबरी कागदाचे पट्टे, सांध्यांवर गरम डांबर. तिसऱ्यावर चिनी मातीच्या फुटक्या कपबश्यांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले. बाजारातल्या हॉटेलांतून ते त्यांनी महिनाभर गोळा केले. चौथ्यावर चुन्याचा कोबा. चुना आपल्या किनाऱ्यावरचा, शिंपले भाजून केलेला. त्यात फुटक्या कौलांचे तुकडे आणि कौलांचीच भुकटी, वर गुळाचं आणि हिरड्याचं पाणी शिंपडून लाकडी चोपण्यांनी ठोकून घट्ट केलेला. शेजारच्या भिंतीवर खडूने चारी चौकोनांची नावं लिहिली. त्यांचा स्वतःचा कल डांबराकडे होता. नोकरीत त्यांनी तेच घातलेलं. कोबा त्यांनी केवळ न्यायाला धरून घेतला होता; जुनी पद्धत आहे, तिलाही बसू दे परीक्षेला.

मग चारी चौकोनांभोवती चिखलाचे बांध घालून त्यांनी पाणी कोंडलं. तिसऱ्या दिवशी कोब्याखाली ओल आली. आबांनी भिंतीवर लिहिलं: नापास.

आनंदी त्याच आठवड्यात आली. रेडीच्या वाटेवर चुन्याची भट्टी होती तिथली ती. माईंना विड्याचा चुना तीच आणून देई. चाळिशीची, उंच, हाताची कातडी चुन्याने पांढुरकी झालेली. ती मागल्या दारी आली तेव्हा मी तिथेच होते. भिंतीवर काय लिहिलंय ते तिने माईंना विचारलं आणि ऐकून हसत सुटली. शिडीवरून वर गेली, चौथ्या चौकोनावर टाच आपटली, कान दिला.

"आबांनू, किती दिस ठोकलात?"

"दोन," आबा म्हणाले. "चार गडी लावून."

"दोन दिसांत सारवण सुकता. कोबो होणा नाय. आयका." तिने पुन्हा टाच आपटली. "बद बद करता. पोटात वारो आसा अजून. खणखणीत वाजासर ठोकूक होयो."

मला वाटलं आबा रागावतील. पंचवीस-तीस वर्षांची नोकरी झालेला माणूस, आणि मागल्या दारी चुना विकणारी बाई त्यांना शिकवतेय. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खाली उतरले, हाताच्या तळव्याने 'नापास' पुसून टाकलं आणि तिथे लिहिलं: फेरपरीक्षा.

"किती बायका लागतीत?" त्यांनी विचारलं.

आनंदीने चार बायका आणल्या आणि जुना थर काढून तो चौकोन पुन्हा केला. बारा दिवस ठोकला. पहिल्या दिवसांत गुळाच्या वासाने मुंग्यांच्या रांगा लागल्या आणि माईंच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचल्या. आबा रोज सकाळ-संध्याकाळ वर जाऊन उकिडवे बसायचे आणि ऐकायचे. नवव्या दिवशी मला म्हणाले, "बाय, आज माका फरक कळलो." शाळेतल्या पोराला गणित सुटावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

इकडे मुंबईचं पत्र आलं. शेठांना गळतीचं कळलं होतंच, असल्या गोष्टी लपत नाहीत. त्यांनी तिथल्या कुणा जाणकाराचा सल्ला घेऊन डांबरी कागदाच्या गुंडाळ्या बोटीने पाठवून दिल्या होत्या. गुंडाळ्या बंदरावर येऊन पडल्या आणि वकिलांनी सभा बोलावली. सभेचं टिपण लिहायला मी होते.

वकील म्हणाले, "तेंडोलकर, माल आलेला आहे. देणारा माणूस म्हातारा आहे. या हिवाळ्यात काम पुरं झालं नाही तर तो हात आखडता घेईल. मग इमारतीचं पुढचं सगळंच राहील. तुमची पडवी तुम्ही सावकाश तपासा, दवाखान्याचं काम आम्ही उरकतो."

आबा उभे राहिले. हॅट टेबलावर ठेवली. "वकीलसाहेब, आपण न उलटतपासलेल्या साक्षीदारावर निकाल मागता का?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा नाही. डांबराची साक्ष मी अजून अर्धीच घेतली आहे. हिवाळ्यात सगळेच साक्षीदार खरं बोलतात. मे महिना येऊ द्या. दुपारी दोन वाजता माझ्या पडवीवर या, डांबरावर पाच मिनिटं उभे राहा. मग आपण सांगाल तो ठराव मी स्वतः मांडतो."

"आणि शेठांना काय कळवू?"

"कळवा, की एकदा घाई केली तिची फळं बाळंतिणींनी भोगली. दुसऱ्यांदा घाई करायची असेल तर मी समितीत नाही."

वकिलांना ते आवडलेलं नव्हतं हे दिसत होतं. पण ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी मला सांगितलं, "लिहा, निर्णय तहकूब." आणि शेठांना काय लिहायचं ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. शेठांचं उत्तर दोन महिने आलं नाही; आलं तेव्हा त्यात एवढंच होतं, की मेपर्यंत थांबतो. त्या दोन महिन्यांत आबा अगदी नेहमीसारखे वागत होते. माई तेवढी म्हणाली, "जेवताना ताटाकडे बघणत नाय, वर बघतत."

मे महिन्यात माईंनी त्या पडवीवर कोकमाची सोलं वाळत घातली, आणि मी दवाखान्याच्या चार जुन्या चादरी नेऊन चारी चौकोनांवर एकेक पसरली. ते आबांनीच सांगितलं होतं. "वापरणाऱ्यांनी मार्क देवचे," म्हणाले. चिनी तुकड्यांवर ऊन असं चमके की डोळे दिपत, आणि एका कडेवर माझी चादर फाटली. सिमेंटवर केसासारखी एक चीर दिसली. डांबरावर मोठमोठे फुगे आले होते, माईंची सोलं चिकटून बसली आणि चादरीला काळे डाग पडले ते पुढे कधी गेलेच नाहीत.

वकील दिलेल्या वेळेला आले. दोनाच्या ठोक्याला. काळा कोट, धोतर, पायात नव्या चपला. आबांनी त्यांना डांबराच्या चौकोनावर उभं केलं आणि घड्याळ काढलं. तीन मिनिटं झाली नसतील, वकिलांनी पाय उचलला आणि चप्पल खालीच राहिली. दुसरा पाय उचलला, तीही राहिली. अनवाणी पाय पोळले म्हणून ते उडी मारून शेजारच्या चौकोनावर गेले. तो कोब्याचा होता. तिथे ते थांबले. मग पाय थोडे इकडे-तिकडे सरकवून बघितले.

"हे कमी तापतं," ते म्हणाले.

"होय," आबा म्हणाले.

चपला आबांनी स्वतः उलथन्याने सोडवल्या. वकिलांनी घरी जाऊन शेठांना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात चपलांचा उल्लेख होता की नाही माहीत नाही, पण पंधरा दिवसांत होकार आला. त्या डांबरी गुंडाळ्या आबांनी वाया जाऊ दिल्या नाहीत. दवाखान्याच्या लाकडांच्या खोपीवर, गर्द फणसाच्या सावलीत, त्या बसवल्या आणि तिथे त्या कितीतरी वर्षं टिकल्या. "मालाची चूक नव्हती," ते म्हणत. "जागा चुकत होती."

तरी अजून पाऊस बाकी होता. तो आला. पहिल्या आठवड्यात सिमेंटखाली थेंब, मग डांबराच्या फुटलेल्या फुग्यांतून पाणी, श्रावणात चिनी तुकड्यांच्या सांध्यांतून किंचित ओल. चौथ्या चौकोनाखाली माईंनी एक दिवस कुणाला न विचारता भाताची कणगी नेऊन ठेवली. आबांनी ते बघितलं आणि भिंतीवर 'पास' लिहिलं. आणखी पुरावा त्यांना नको होता.

दिवाळीनंतर दवाखान्याचं काम सुरू झालं. आमच्याकडे घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्याची, त्यामुळे विटांचे तुकडे मिळायची सोय नाही. पण फुटकी कौलं घरोघर. आबांनी बाजारात सांगितलं आणि लोक आणू लागले. टोपल्यांतून, गोणत्यांतून, कुणी बैलगाडीतून. गळक्या दवाखान्याला हसणारे लोकच आता आपल्या कौलांचे तुकडे आणून टाकत आणि विचारत, "आमचा खंय घालतलात?" आबा गंभीरपणे जागा दाखवायचे.

आनंदीच्या हाताखाली वीस बायका होत्या. उतार आबांनी दोरी लावून आखला आणि पुन्हा पुन्हा पाणी ओतून तपासला, ठोकणं आनंदीचं. दोघांनी एकमेकांच्या कामात कधी तोंड घातलं नाही. पहिल्या दिवशी मी मात्र वर धावत गेले होते. खाली तान्ही पोरं, आणि डोक्यावर वीस चोपण्या! आनंदी म्हणाली, "बाय, खाली जावन बघ." खाली आले तर सगळी पोरं गाढ झोपलेली. बायका एका ठेक्यात ठोकत होत्या आणि तो ठेका खाली मऊ होऊन येत होता. दुपारी जेवायला त्या थांबल्या आणि सगळी पोरं एकदम रडायला लागली. मग तो नेमच झाला. जेवणाच्या सुट्टीत मला उसंत नसे.

चोविसाव्या दिवशी आनंदीने चोपणी खाली ठेवली. आबा गच्चीभर फिरले, छत्रीच्या टोकाने जागोजाग ठोकत. मग तिला म्हणाले, "गो, माका सगळीकडे एकच आवाज येता." ती म्हणाली, "तसोच येवक होयो." एवढंच झालं दोघांमध्ये.

पुढच्या मिरगाला अख्खं गाव आमच्या छताकडे डोळे लावून होतं. जून कोरडा गेला, आत म्हणजे. लोक आबांना रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. आणि जुलैच्या एका सकाळी प्रसूतीच्या खोलीच्या कोपऱ्यात मला बशीएवढी ओल दिसली.

मी स्वतः छत्री घेऊन त्यांच्याकडे गेले. आबा चहा पीत होते. बशी खाली ठेवून म्हणाले, "कोब्यात दोष नाय. तरी बघूया." वर गेल्यावर ते सरळ पन्हळीकडे गेले, जणू आधीच ठाऊक होतं. कठड्यातून पाणी बाहेर टाकायला तिथे लोखंडी नळ बसवलेला होता. आनंदीने तिथे कोरीव चिऱ्याची पन्हळ सुचवली होती. शेवटच्या घटकेला आबांनीच हट्ट धरला, की लोखंडी नळ जास्त पाणी ओढेल. आता त्या लोखंडाभोवती करंगळीचं नख जाईल एवढी फट पडली होती. चुना चिऱ्याला धरतो, लोखंडाला धरत नाही.

आबा पावसात तसेच उकिडवे बसून राहिले. हॅटवरून पाणी पाठीवर गळत होतं.

"तिना सांगलेल्यान," शेवटी म्हणाले. "मी आयकलंय नाय."

त्यांनी माझ्याकडून कामाची वही मागवली. तिच्यात तांबड्या शाईने लिहिलं: 'पन्हळीची जागा. लोखंडी नळ घालण्याचा निर्णय माझा. चूक माझी.' खाली पूर्ण सही, हुद्द्यासकट. मग त्याच पावसात रेडीच्या वाटेने चालू लागले. मी म्हटलं, कुणाला तरी पाठवूया, आनंदी येईल. ते म्हणाले, "तिका हुकूम धाडूचो नाय, बाय. इचारूक जावचां आसा."

दोघं परत आली तेव्हा भिजून चिंब झालेली होती. पावसात चुना धरत नाही म्हणून आनंदीने होड्यांच्या फळ्यांचे सांधे बुजवतात तसा काथ्या आणि राळ त्या फटीत ठासून भरली. ओल तिथेच थांबली. पाऊस सरल्यावर चिऱ्याची पन्हळ बसली. वकिलांनी सभेत विचारलं, ही बारीक दुरुस्ती वहीत लिहायची खरंच गरज होती का, विनाकारण बोभाटा होतो. आबा म्हणाले, "माझ्यानंतर येणारा हीच चूक करील. त्याला कुणीतरी सांगायला नको?" आणि बसले.

त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी तिथे होते. आमचं छत पुन्हा गळलं नाही. पावसाळा सोडला तर माझ्या चादरी वर वाळत, आणि थंडीच्या सकाळी बाळंतिणी पोरांना घेऊन उन्हाला बसत. किती पोरं त्या छताखाली जन्मली ते मी कधी मोजलं नाही.

मग देवगडकडे मला दुसरी नोकरी मिळाली. बोटीने जायचं होतं. बोट खोल पाण्यात उभी, पडावातून तिथपर्यंत जायचं. आबा आणि माई बंदरावर पोचवायला आले होते. आबांचं वय आता दिसत होतं; हातात काठी आली होती. माईंनी माझ्या पिशवीत लाडवांचा डबा कोंबला आणि डोळ्यांना पदर लावला. मीही रडवेली झाले होते. आबांनी विचारलं,

"नव्या जाग्यार दवाखानो कसलो आसा?"

"कौलारू, आबा."

"बरो आसा," ते म्हणाले. "तसोच ठेव. गच्ची सगळ्यांक नको. बघणारां माणूस लागता."

मी वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ, आणि "जा, पडाव सुटतलो," म्हणाले.

पडाव सुटला. मी मागे वळून बघत होते. माई हात हलवत होती. आबा परतायला निघाले, पण धक्क्याच्या पायऱ्यांपाशी एक तरुण गवंडी भरतीने उखडलेला दगड बसवत होता, तिथे थांबले. काहीतरी विचारलं. गवंड्याने मान हलवली. आबांनी काठी माईंच्या हातात दिली, धुतलेली विजार सावरत त्या ओल्या पायरीवर उकिडवे बसले आणि गवंड्याच्या हातातली थापी स्वतःच्या हातात घेतली.